वाट पाहण्याचं राजकारण

अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीत रशियाने केलेल्या ढवळाढवळीचा तपास करायला १७ मे २०१७ ला रॉबर्ट मुलर यांची विशेष वकील म्हणून नेमणूक झाली आणि २२ मार्च २०१९ ला त्यांनी आपला अहवाल ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखाच्या, हवाली केला. मधल्या बावीस महिन्यांत तपासाबद्दल ते जाहीरपणे चकार शब्द बोलले नाहीत. ना पत्रकार परिषद, ना मुलाखत, ना ‘सूत्रांकडून’ पेरलेली बातमी. त्यांच्या प्रवक्त्याचं उत्तर ठरलेलं असायचं: काही सांगायचं नाही. जानेवारी २०१९ मध्ये एका वेबसाइटच्या बातमीचा तपशील चुकीचा असल्याचं त्याने जाहीर केलं, तेव्हा तो खुलासा हीच दिवसाची सगळ्यात मोठी बातमी झाली.

मी वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरिलँडमध्ये राहते. इथे शेजारी कुणी सरकारी वकील असतो, कुणी संसदेत कारकून, कुणाची बायको न्याय खात्यात. त्यामुळे राजधानीचं राजकारण आमच्याकडे टीव्हीवर जितकं दिसतं तितकंच दुकानाच्या रांगेतही कानावर पडतं. ते बावीस महिने या गावाने एका गप्प माणसाच्या चेहऱ्याकडे डोळे लावून काढले, आणि त्या वाट पाहण्याने या देशाचं फार नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे. मुलर यांनी काम चोख केलं. पण जो निवाडा लोकांनी आणि लोकांच्या प्रतिनिधींनी करायचा होता, तो आम्ही सगळ्यांनी एका वकिलाच्या गळ्यात टाकला आणि हात झटकून मोकळे झालो. ज्यांची चौकशी चालली होती त्या अध्यक्ष ट्रम्प यांच्या माणसांना हे आमच्याआधी कळलं होतं.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगते. २०१६ च्या निवडणुकीत रशियाने केलेल्या ढवळाढवळीचा तपास एफबीआय करत होती. ९ मे २०१७ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी यांना काढून टाकलं. ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स त्याआधीच, मार्चमध्ये, या प्रकरणातून बाजूला झाले होते, कारण प्रचारात ते स्वतः ट्रम्प यांच्याबरोबर होते. म्हणून निर्णय उपॲटर्नी जनरल रॉड रोझनस्टाइन यांच्याकडे आला आणि कोमी यांना काढल्यावर आठ दिवसांत त्यांनी मुलर यांना नेमलं. ही बातमी सेशन्स यांनी सांगितल्यावर ट्रम्प खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, ‘अरे देवा, हे भयंकर आहे. माझं अध्यक्षपद संपलं.’ सेशन्स यांच्या सहायकाने केलेल्या टिपणांमुळे हे वाक्य पुढे अहवालात आलं.

मुलर हे नाव तेव्हा सगळ्यांना पटलं होतं. व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन, २००१ पासून १२ वर्षं एफबीआयचा प्रमुख, आणि पक्षाने रिपब्लिकन. त्याच पक्षाचे जुने पुढारी न्यूट गिंग्रिच यांनी पहिल्याच दिवशी या निवडीची तोंड भरून स्तुती केली. महिना उलटायच्या आत त्याच गिंग्रिच यांनी जाहीर केलं की मुलर निष्पक्ष वागतील असं मानणारे रिपब्लिकन भ्रमात आहेत. मधल्या काळात मुलर यांनी काहीही केलेलं नव्हतं. फक्त कामाला माणसं घेतली होती. ही उलटी उडी मला तेव्हाच महत्त्वाची वाटायला हवी होती, असं नंतर अनेकांनी लिहिलं. मला ती महत्त्वाची वाटली होती आणि मी लोकांना सांगतही होते. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष कोर्टाकडे होतं.

कोर्ट म्हणजे कॉन्स्टिट्यूशन ॲव्हेन्यूवरची प्रेटीमन इमारत. ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोप ठेवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ, तिथे बसायची. ग्रँड ज्युरीचं काम गुप्त, दार बंद. त्यामुळे बातमीदार दाराबाहेरचं वाचायचे. मुलर यांच्या पथकातला कुठला वकील आज आला, त्याच्या हातात केवढी फाइल होती, कुठला साक्षीदार मागच्या जिन्याने गेला, मोहोरबंद खटल्यांचे क्रमांक सलग आहेत की मधला एखादा गायब आहे. १४ डिसेंबर २०१८ ला एका गुप्त अपिलाच्या सुनावणीसाठी तिथला आख्खा पाचवा मजला रिकामा करण्यात आला. बातमीदारांना खाली पाठवलं, जिने आणि लिफ्टवर पहारा ठेवला. त्या संध्याकाळी कुठलाही चॅनल लावा, एकच चर्चा: मुलर यांनी खुद्द अध्यक्षांवर समन्स काढलं असणार, दुसरं काय असू शकतं? प्रत्यक्षात ते प्रकरण एका परदेशी सरकारच्या मालकीच्या कंपनीचं निघालं. तिला कागदपत्रं द्यायची नव्हती, एवढंच. पण खरं काय ते कळेपर्यंत तर्काने आपलं काम केलेलं असायचं. दर वेळी लोकांना वाटायचं, मोठा घाव अजून पुढे आहे, आता दोन-तीन आठवड्यांचाच प्रश्न.

आमच्या मराठी मंडळींतही हेच. कोजागरीला मसाला दूध उकळत असताना ट्रम्प यांच्या प्रचाराचा एकेकाळचा प्रमुख पॉल मॅनाफोर्ट याच्या बँक खात्यांवर वाद रंगलेले मी पाहिले आहेत. पुण्याहून फोन यायचा आणि तब्येतपाणी विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग काय, जातोय का तो?’ काही घरांत मुलर यांचा चेहरा छापलेल्या मेणबत्त्या आल्या, मुलांच्या अंगात त्यांच्या नावाचे टी-शर्ट आले. मला ते बघवायचं नाही. सरकारी नोकरी इमानाने करणाऱ्या माणसाचं देवपण हे त्याच्यावरचं ओझं असतं आणि भक्तांसाठी ती पळवाट असते.

या सगळ्यात नियम काय सांगतो हे फार थोड्यांनी वाचलं होतं. वॉटरगेटनंतर, १९७८ मध्ये, अमेरिकेत स्वतंत्र वकिलाचा कायदा झाला. त्याच्या मागे १९७३ चा ऑक्टोबर होता. अध्यक्ष निक्सन यांनी एका शनिवारी रात्री आपलाच तपास करणारे विशेष वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढायला सांगितलं, ॲटर्नी जनरल आणि त्यांचे उपप्रमुख दोघांनी नकार देऊन खुर्ची सोडली आणि तिसऱ्याने ते काम केलं. असं पुन्हा होऊ नये म्हणून कायद्याने स्वतंत्र वकिलाला भरपूर मोकळीक दिली. मग तीच मोकळीक केनेथ स्टार यांच्या हाती आली. जमिनीच्या एका जुन्या व्यवहारापासून सुरू झालेला तपास क्लिंटन यांच्या शेजघरापर्यंत गेला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल सगळ्या किळसवाण्या तपशिलांसह जगाने वाचला. दोन्ही पक्षांना त्या कायद्याचा वीट आला, आणि १९९९ मध्ये तो संपला तेव्हा कुणी रडलं नाही. त्याच्या जागी न्याय खात्याचे नियम आले. त्यांचा मसुदा करणारा तरुण वकील नील कत्याल हा भारतातून आलेल्या आईबापांचा मुलगा, पुढे अमेरिकेचा हंगामी सॉलिसिटर जनरल झाला. या नियमांनी विशेष वकिलाला ॲटर्नी जनरलच्या हाताखाली आणलं. शेवटी त्याने अहवाल द्यायचा तोही ॲटर्नी जनरलला, गोपनीय. त्यातलं किती बाहेर काढायचं हे ॲटर्नी जनरल ठरवणार.

याच्या जोडीला न्याय खात्याचं १९७३ चं आणि २००० मध्ये पुन्हा दुजोरा दिलेलं मत होतं की पदावर असलेल्या अध्यक्षावर फौजदारी आरोप ठेवता येत नाही. म्हणजे मुलर अध्यक्षांवर खटला भरूच शकत नव्हते, आणि त्यांनी जे लिहिलं ते लोकांना वाचायला मिळेल याचीही हमी नव्हती. लाखो माणसं ज्या निकालाची वाट पाहत होती, तो निकाल देण्याची सोय त्या व्यवस्थेत मुळात नव्हती. हे गुपित नव्हतं, जाणकार सांगत होते. ऐकायला कुणाला नको होतं.

अध्यक्षांच्या बाजूने मात्र नीट ऐकलं. पहिलं वर्ष त्यांचे वकील टाय कॉब आणि जॉन डाउड यांनी सहकार्याचं धोरण ठेवलं. कागदपत्रं द्या, साक्षीदार पाठवा, म्हणजे २०१७ संपायच्या आत हे आटपेल, असं कॉब सांगत होते. ते आटपलं नाही. मार्च २०१८ मध्ये डाउड गेले, मे महिन्यात कॉब गेले आणि दरम्यान रुडी जुलियानी आले. जुलियानी टीव्हीवर काय वाटेल ते बोलतात म्हणून लोकांनी त्यांना हसण्यावारी नेलं. पण मे २०१८ च्या शेवटच्या रविवारी सीएनएनवर ते जे बोलले, ते मला त्या दोन वर्षांतलं सगळ्यात स्पष्ट राजकीय विधान वाटतं. आम्ही हा बचाव लोकमतासाठी करतो आहोत, कारण शेवटी निर्णय महाभियोग करायचा की नाही एवढाच असणार आहे. संसदेतली माणसं मतदारांकडे बघून वागणार. म्हणून आमची ज्युरी म्हणजे अमेरिकेची जनता. हा त्याचा आशय होता.

या वाक्यात पुढची सगळी रणनीती आहे. मुलर कोर्टात जिंकत राहिले. ट्रम्प यांचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांनी गुन्हा कबूल केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये १३ रशियन माणसांवर आणि तीन कंपन्यांवर आरोपपत्र निघालं, जुलैमध्ये रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्याच्या १२ अधिकाऱ्यांवर. २१ ऑगस्टला मॅनाफोर्ट आठ आरोपांत दोषी ठरले. एकूण ३४ माणसं आणि तीन कंपन्या. आणि कोर्टाबाहेर, जुलियानी ज्याला ज्युरी म्हणत होते त्या जनतेसमोर, रोज सकाळी अध्यक्ष दोनच गोष्टी सांगत राहिले: ही शिकार आहे, आणि रशियाशी संगनमत झालेलं नाही. संगनमत हा शब्द अमेरिकेच्या त्या कायद्यात गुन्हा म्हणून नाहीच, पण ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देता येईल तोच प्रश्न लोकांच्या तोंडी बसवायचा होता आणि तो बसला. न्यायप्रक्रियेत अडथळा आणला का, हा दुसरा आणि जास्त अवघड प्रश्न मागे पडला. अध्यक्षांची समोरासमोर साक्ष शेवटपर्यंत झाली नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये लेखी उत्तरं आली आणि त्यांत ‘आठवत नाही’ या अर्थाचं उत्तर ३० हून जास्त वेळा होतं.

विरोधकांचं काय? माझा राग खरं तर त्यांच्यावर जास्त आहे, कारण माझी अपेक्षा त्यांच्याकडून होती. डेमोक्रॅट पुढाऱ्यांच्या डोक्यात १९९८ घट्ट बसलं होतं. क्लिंटन यांच्यावर महाभियोगाची तयारी चालू असतानाच्या निवडणुकीत रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहातल्या पाच जागा गमावल्या आणि गिंग्रिच यांचं सभापतिपद गेलं. महाभियोग करणारा मार खातो, हा त्यातून काढलेला धडा. म्हणून २०१८ च्या निवडणुकीत त्यांचे उमेदवार आरोग्यविम्यावर बोलले, मुलरचं नाव शक्यतो टाळलं आणि ४० च्या आसपास जागा कमावल्या. निवडणुकीपुरतं ते शहाणपणाचं होतं, हे मी मान्य करते. पण प्रतिनिधिगृह हाती आल्यावरही वाक्य बदललं नाही: मुलर यांना त्यांचं काम करू द्या. अहवाल यायच्या अकरा दिवस आधी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पलोसी यांची मुलाखत छापून आली. महाभियोगाने देश दुभंगतो, आणि हा माणूस तेवढ्या लायकीचा नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे पुरावा काय आहे हे कळायच्या आत त्यांनी दार अर्धं लोटून घेतलं. राज्यघटनेने महाभियोगाचा अधिकार प्रतिनिधिगृहाला दिला आहे. ते काम मुलर करतील अशी आशा लोकांना दाखवत ठेवायची आणि स्वतः कुंपणावर बसायचं, याला सावधपणा म्हणायला मी तयार नाही.

तोवर ॲटर्नी जनरल बदलले होते. निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी सेशन्स यांना काढलं गेलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये विल्यम बार आले. याच बार यांनी जून २०१८ मध्ये, कुणी मागितलेलं नसताना, १९ पानांचं टिपण न्याय खात्याला पाठवून अडथळ्याच्या आरोपाचा पाया चुकीचा असल्याचं कळवलं होतं. अहवाल शुक्रवारी त्यांच्याकडे गेला. रविवारी, २४ मार्चला, त्यांचं चार पानांचं पत्र बाहेर आलं.

त्या पत्रातलं एक वाक्य मी नंतर अहवालाशेजारी ठेवून वाचलं. बार यांनी उद्धृत केलेला भाग असा: ट्रम्प यांच्या प्रचारातल्या लोकांनी रशियन सरकारशी कट केला किंवा संधान बांधलं हे तपासात सिद्ध झालं नाही. अहवालात हे पूर्ण वाक्य नाही, वाक्याची शेपटी आहे. आधीचा अर्धा भाग म्हणतो की ट्रम्प अध्यक्ष झाले तर आपला फायदा आहे असं रशियन सरकारला वाटत होतं आणि त्यासाठी त्याने काम केलं, हे तपासात सिद्ध झालं. आणि रशियाने चोरून बाहेर काढलेल्या माहितीचा आपल्याला निवडणुकीत फायदा होईल अशी प्रचारातल्या लोकांची अपेक्षा होती, हेही सिद्ध झालं. ‘जरी’ने सुरू होणारा हा सगळा भाग कापून उरलेल्या वाक्याचं पहिलं अक्षर मोठं केलं होतं. ते मोठं अक्षर चौकोनी कंसात होतं. कायद्याच्या लिखाणात तो प्रामाणिकपणाचा संकेत असतो, म्हणजे इथे काही बदललं आहे हे वाचकाला कळावं. रविवारी संध्याकाळी चौकोनी कंस कोण बघतं?

क्लीन चिट मिळाली, अशी बातमी जगभर गेली. आमच्या ग्रुपवर पाच मिनिटांत दोन्हीकडचे मेसेज सुरू झाले, एका बाजूला पेढे आणि दुसऱ्या बाजूला शुकशुकाट. तीन दिवसांनी मुलर यांनी बार यांना पत्र लिहून कळवलं की तुमच्या सारांशात आमच्या कामाचा संदर्भ, स्वरूप आणि गाभा पुरता उतरलेला नाही, आणि त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो आहे. हे पत्र आम्हाला महिन्याभराने कळलं. अहवाल १८ एप्रिलला आला, ४४८ पानांचा, जागोजाग काळे ठोकळे मारलेला, आणि तो यायच्या आधी त्याच सकाळी बार यांनी पत्रकार परिषद घेऊन त्यात काय आहे ते सांगून टाकलं. २०२० मध्ये रेजी वॉल्टन या फेडरल न्यायाधीशाने बार यांच्या या वागण्यात प्रांजळपणाचा अभाव असल्याचं आपल्या आदेशात नोंदवलं. वॉल्टन यांना धाकट्या बुश यांनी नेमलं होतं. पण तोवर जवळजवळ एक वर्ष गेलं होतं.

मी अहवाल वाचायला घेतला तो गुड फ्रायडेच्या सुट्टीत. दुसरा खंड मला खिळवून ठेवणारा वाटला. त्यात अडथळ्याच्या दहा प्रसंगांची छाननी आहे. त्यातला एकच सांगते. १७ जून २०१७, शनिवार. व्हाइट हाउसचे वकील डॉन मॅगन घरी आहेत. अध्यक्षांचा फोन येतो. रोझनस्टाइनला फोन कर, मुलर गेले पाहिजेत, आणि झालं की मला कळव. मॅगन यांना तो १९७३ चा शनिवार आठवतो. ते फोन करत नाहीत. ते गाडी काढून कार्यालयात जातात आणि सामान आवरायला लागतात. राजीनामा द्यायचं ठरवून. सहकारी समजूत घालतात, ते थांबतात. सहा-सात महिन्यांनी ही गोष्ट न्यूयॉर्क टाइम्समध्ये येते, तेव्हा अध्यक्ष त्यांना बोलावून घेऊन ती नाकारायला सांगतात. मॅगन नकार देतात. मग अध्यक्ष विचारतात, तू टिपणं कशाला काढतोस, वकील टिपणं काढत नाहीत. मॅगन सांगतात, मी खरा वकील आहे म्हणून काढतो.

सगळ्या देशाने वाचावा असा तो प्रसंग आहे. देश वाचवण्याचा आव न आणता एका माणसाने एक फोन केला नाही, म्हणून तपास वाचला. आणि मॅगन हे ट्रम्प यांचेच वकील, त्यांच्याच विचारांचे. मे महिन्यात हजाराहून जास्त माजी सरकारी वकिलांनी सहीनिशी सांगितलं की हेच आरोप अध्यक्ष सोडून कुणावरही असते तर खटला उभा राहिला असता. मुलर यांनी स्वतः लिहिलं होतं की हा अहवाल अध्यक्षांनी गुन्हा केला असा निष्कर्ष काढत नाही, पण त्यांना दोषमुक्तही करत नाही. मी ओळखीच्यांना ही पानं पाठवत राहिले. उत्तर साधारण एकच यायचं: ‘पण निकाल तर लागला ना?’ ज्यांनी बावीस महिने वाट पाहिली होती, तेच वाचायला दमले होते.

२४ जुलै २०१९ ला मुलर प्रतिनिधिगृहाच्या समित्यांपुढे बसले. वय ७४. अहवाल हीच माझी साक्ष, असं त्यांनी आधीच बजावलं होतं आणि तसेच ते वागले. अध्यक्षांना तुम्ही पूर्णपणे दोषमुक्त केलंत का, या सुरुवातीच्याच एका प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं: नाही. याहून सरळ उत्तर दुसरं नसेल. संध्याकाळी चर्चा मात्र त्यांचा आवाज किती खोल गेला आहे, प्रश्न किती वेळा पुन्हा विचारावे लागले, याची. मला त्या दिवशी त्यांच्यासाठी वाईट वाटलं. त्यांच्याकडून भाषण अपेक्षित होतं, आणि ते आयुष्यभर भाषण न करता काम करणारे गृहस्थ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रम्प यांनी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना फोन केला आणि बायडेन यांची चौकशी करा म्हणून सांगितलं. त्या फोनवरून पहिला महाभियोग झाला. सिनेटने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना मोकळं केलं आणि वर्ष संपायच्या आत फ्लिन आणि मॅनाफोर्ट यांना माफी मिळाली.

पुढे आलेले एक विशेष वकील जॅक स्मिथ यांच्या वेळी डाव बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेमणूक, तोवर ट्रम्प माजी अध्यक्ष झालेले, म्हणजे खटला भरायला अडसर नाही. स्मिथ यांनी दोन खटले भरले, एक २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाचा आणि दुसरा गोपनीय कागदपत्रांचा. आता बचाव लोकमताच्या जोडीला कॅलेंडरवर उभा होता: तारखा पुढे ढकला, अपील करा, निवडणूक येऊ द्या. १ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांना संरक्षण दिलं, दोन आठवड्यांनी फ्लोरिडातल्या न्यायाधीशाने स्मिथ यांची नेमणूकच बेकायदा ठरवली, आणि नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आल्यावर खटले मागे घ्यावे लागले. १४ जानेवारी २०२५ ला मध्यरात्रीनंतर स्मिथ यांच्या अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. खटला चालला असता तर दोषसिद्धीसाठी पुरेसा पुरावा होता, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. मुलर यांनी जे वाक्य लिहायचं टाळलं होतं ते स्मिथ यांनी लिहिलं. शपथविधीला सहा दिवस राहिले होते. त्या सकाळी मी ऑफिसात पाच-सहा जणांना विचारलं. अहवाल आला हेच त्यांतल्या बहुतेकांना माहीत नव्हतं.